पडल्यानंतर उभारी कशी धरावी?

मागील अंकात परीक्षेच्या ताणाविषयी लिहिले. त्यानंतर कोल्हापूर शहरातून आणि आसपासच्या तालुक्यांतून जी पत्रे आली, त्यांतील बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे : अपयश येते, घरावर संकट येते, मन खचते, तेव्हा काही मुले सावरतात आणि काही सावरत नाहीत, हा फरक कशामुळे पडतो? मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांत सावरण्याच्या या क्षमतेला ‘मानसिक लवचिकता’ म्हणतात. मला मात्र शेतकऱ्याच्या तोंडचा ‘उभारी’ हा शब्द अधिक नेमका वाटतो. माना टाकलेल्या पिकाला पाणी मिळाले की ते उभारी धरते, असे आपण म्हणतो. उभारी पिकाचीच असते, पण ती धरायला जमीन, पाणी आणि थोडे दिवस लागतात. पुढील उत्तरे हे ध्यानात ठेवून वाचावीत, ही विनंती. पत्रलेखकांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न : मॅडम, मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात आहे. गगनबावडा तालुक्यातील एका वाडीतून इथे शिकायला आले आणि राजारामपुरीत तीन मुलींबरोबर खोली घेऊन राहते. बारावीपर्यंत मी वर्गात पहिली असे. पहिल्या वर्षी गणित राहिले, पुन्हा परीक्षा दिली आणि पुन्हा चार गुणांनी राहिले. खोलीतल्या एका मैत्रिणीचाही तोच विषय राहिला होता. ती दोन दिवस रडली आणि तिसऱ्या दिवशी शिकवणी शोधून आली. मी दोन महिने पुस्तक उघडले नाही. काही माणसे जन्मतः खंबीर असतात आणि काही माझ्यासारखी कच्ची असतात, असे असते का?
— एक विद्यार्थिनी, राजारामपुरी

उत्तर : तुझ्या प्रश्नाचे उत्तर मी विस्ताराने देणार आहे, कारण तुझ्या पत्रातील शेवटचे वाक्य मी अनेक वर्षे वेगवेगळ्या मुलामुलींच्या तोंडून ऐकत आले आहे आणि नापास होण्याने जेवढे नुकसान होत नाही तेवढे या एका वाक्याने होते, असे माझे मत झाले आहे.

स्वभावाचा वाटा असतो, हे खरेच आहे. काही बाळे पाळण्यात असल्यापासून शांत असतात, कोणाकडेही हसून बघतात. काहींना बावरायला फार वेळ लागत नाही. परंतु स्वभाव हा त्या हिशेबातला एक आकडा आहे. हवाई बेटांपैकी कवाई या बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे कित्येक दशके मागोवा घेतला. गरिबी, घरातील सततची भांडणे, पालकांचे व्यसन किंवा मानसिक आजार अशा अडचणी ज्यांच्या वाट्याला लहानपणीच एकदम आल्या होत्या, त्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले कर्तबगार आणि इतरांची काळजी घेणारी माणसे म्हणून वाढली. त्यांच्यापैकी अनेकांचा स्वभाव मनमिळाऊ होता, पण त्याबरोबरच आईवडील नाही तर आजी, शेजारीण किंवा एखादे शिक्षक, असे निदान एक भरवशाचे माणूस त्यांना लाभले होते, आणि आपल्या हातून काही घडू शकते असा विश्वास त्यांना होता. या अभ्यासाचा पुढचा भाग मला त्याहून मोलाचा वाटतो. किशोरवयात ज्यांची नोंद बिघडलेली मुले म्हणून झाली होती, त्यांच्यापैकीही पुष्कळ जण तिशी-चाळिशीपर्यंत सावरले; कोणाला पुन्हा शिकण्याची संधी मिळाली, कोणाला समजूतदार जोडीदार मिळाला. जी गोष्ट पस्तिसाव्या वर्षी येऊ शकते, ती जन्मतःच ठरलेली होती असे म्हणता येत नाही.

आता तुझ्या दोन महिन्यांविषयी. मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी 1967 साली केलेले प्रयोग मानसशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवले जातात. ज्या कुत्र्यांना थांबवता न येणारे विजेचे धक्के दिले गेले, त्यांच्यापैकी बरीच कुत्री पुढे सुटकेची वाट मोकळी असतानाही जागची हलली नाहीत. प्राणी हतबलता ‘शिकतात’, असा अर्थ त्यावरून काढला गेला आणि आम्हीही वर्गात तसेच शिकवत आलो. मेंदूविषयी मधल्या काळात जे समजले त्याच्या आधारे 2016 साली याच दोघांनी आपला निष्कर्ष उलटा फिरवला. त्रास दीर्घकाळ चालू राहिला की हातपाय गाळणे ही मेंदूची मूळचीच प्रतिक्रिया असते, ती शिकावी लागत नाही. शिकावी लागते ती दुसरी गोष्ट, म्हणजे माझ्या कृतीने परिस्थितीत काही फरक पडतो ही जाणीव. स्वतःच्या पन्नास वर्षे जुन्या सिद्धांताविषयी असे जाहीरपणे लिहिणाऱ्या या दोघांविषयी मला मोठा आदर वाटतो. तुझ्यापुरता याचा अर्थ असा की, दोनदा आपटल्यावर तू पुस्तक मिटून ठेवलेस यात तुझ्या कच्चेपणाचा कोणताही पुरावा नाही. तुझ्या मैत्रिणीला तिसऱ्या दिवशी ‘काहीतरी करता येईल’ असे का वाटले, हे तिला एकदा जरूर विचार. बहुधा तिच्या आयुष्यात असे आधी कधीतरी घडून गेलेले असेल. बारावीपर्यंत पहिल्या येणाऱ्या मुलींना पडण्याचा सरावच नसतो, आणि तो दोष त्यांचा नव्हे.

हा सराव कसा करावा, याविषयी अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 साली जे मांडले ते आजही उपयोगी पडते. एखादे काम आपल्याला जमेल, हा विश्वास चार वाटांनी येतो, असे ते म्हणतात : स्वतः ते काम थोडे तरी जमवून दाखवणे, आपल्यासारख्याच कोणाला ते जमताना पाहणे, विश्वासाच्या माणसाने धीर देणे, आणि छातीत धडधडणे वा हाताला घाम येणे यांसारख्या शरीराच्या खुणांचा आपण लावलेला अर्थ. यांतली पहिली वाट सर्वांत पक्की. आपल्या तालमींना हे पुस्तकाविना ठाऊक आहे. वस्ताद नव्या पोराला पहिल्याच आठवड्यात तालमीतल्या सर्वांत जड मल्लाशी झुंजवत नाहीत. ते जोड बघतात. थोडा वरचढ, पण आवाक्यातला गडी समोर उभा करतात, कारण रोज चितपट होणारा पोरगा महिनाभरात तालमीला यायचे बंद होतो आणि रोज जिंकणारा काही शिकत नाही.

तू मात्र अख्ख्या विषयाशी जोड लावून बसली आहेस. ‘मला गणित येत नाही’ या वाक्याशी कोणालाच झुंजता येणार नाही. त्याऐवजी मागच्या दोन्ही परीक्षांच्या प्रश्नपत्रिका समोर घे आणि नेमके कोणत्या घटकाचे गुण गेले ते कागदावर उतरव. चार गुणांनी विषय राहिला, याचा अर्थ बराचसा विषय तुला येतो. ज्या घटकातली सोपी उदाहरणे सुटतात पण अवघड अडतात, तिथून सुरुवात कर. जे अजिबात समजत नाही तिथून करू नकोस. रोज एकाच प्रकारची पाच उदाहरणे सोडव आणि पाचपैकी किती सुटली ते तारखेसह वहीत लिही. खचलेल्या मनाला फक्त अडलेले आठवते, सुटलेले आठवत नाही. म्हणून ती नोंद हवी. मैत्रीण ज्या शिकवणीला जाते तिथे तिच्याबरोबर जाऊन बघ. बांडुरांची दुसरी वाट तुझ्या खोलीतच आहे.

आणखी एक. पत्रात तू स्वतःला ‘आळशी’, ‘आईबापाचे पैसे वाया घालवणारी’ असेही म्हटले आहेस. ते शब्द मी वर छापलेले नाहीत. स्वतःला असे फटकारले की माणूस सुधारतो, अशी आपल्याकडे दृढ समजूत आहे. कॅलिफोर्नियातील ज्युलियाना ब्रेनेस आणि सेरेना चेन यांनी 2012 साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना मुद्दाम अवघड चाचणी दिली. ती वाईट गेल्यावर काहींना असे सांगितले की ही चाचणी अनेकांना अवघड जाते, स्वतःला फार दोष देऊ नका. हे ऐकलेल्या विद्यार्थ्यांनी पुढच्या चाचणीसाठी इतरांपेक्षा अधिक वेळ अभ्यास केला. स्वतःशी समजुतीने वागल्याने आळस वाढेल ही भीती त्यांच्या बाबतीत खरी ठरली नाही. हेच अपयश तुझ्या मैत्रिणीच्या वाट्याला आले तेव्हा तू तिला काय म्हणाली होतीस ते आठव, आणि तेच शब्द स्वतःला उद्देशून वहीच्या पहिल्या पानावर लिही.

प्रश्न : मी इचलकरंजीत यंत्रमागावर रात्रपाळी करून शिकलो. वह्यांना पैसे नसायचे, पण कधी कुरकुर केली नाही. माझ्या मुलाला सगळे मिळाले. आता शेवटच्या वर्षाला आहे. नोकरीच्या तीन मुलाखतींत त्याला नाकारले, तर घरी येऊन खोलीत बसून राहतो आणि परवा चक्क रडला. ही पिढी नाजूक झाली आहे. आम्ही जरा कडक वागलो तर तो घट्ट होईल का?
— एक वडील, इचलकरंजी

उत्तर : तुम्ही कष्टाने शिकलात, याबद्दल मनापासून आदर व्यक्त करते. तुमच्या म्हणण्यात तथ्यही आहे. मार्क सीरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 साली अमेरिकेतील लोकांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात आयुष्यात काही संकटे पाहिलेल्यांचे मानसिक स्वास्थ्य एकही संकट न पाहिलेल्यांपेक्षा चांगले आढळले. पण ज्यांच्यावर संकटांमागून संकटे कोसळली होती, त्यांचे स्वास्थ्य या ‘काही संकटे’ पाहिलेल्यांपेक्षा वाईट होते. तेव्हा अडचण औषधासारखी आहे, तिचा डोस पाहावा लागतो. तुमच्या मुलाला तीन नकारांचा डोस बाहेरच्या जगाने दिलेलाच आहे. घरातून आणखी देण्याची गरज नाही.

रडण्याविषयी स्पष्टच लिहिते. भावना चेहऱ्यावर दिसू न देण्याचा शरीरावर काय परिणाम होतो, हे जेम्स ग्रॉस यांनी प्रयोगांत मोजले. क्लेशदायक चित्रफीत पाहताना ज्यांना चेहरा निर्विकार ठेवायला सांगितले होते, त्यांचा चेहरा शांत राहिला, पण त्यांच्या शरीरात ताणाच्या खुणा वाढल्या. त्याच घटनेकडे वेगळ्या अर्थाने पाहायला ज्यांना सांगितले, त्यांच्या शरीराला मात्र तसा ताण सोसावा लागला नाही. ‘पुरुषासारखा पुरुष, रडतोस काय’ असे म्हटल्याने रडे थांबते आणि त्याबरोबर मुलाचे तुमच्याशी बोलणेही थांबते. माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी कितीतरी जण सांगतात की, नापास झाल्यापेक्षा ते वडिलांना कसे सांगायचे याचीच त्यांना जास्त धास्ती असते.

आपण कोल्हापूर परिसरातील माणसे खाशाबा जाधवांचे नाव अभिमानाने घेतो. 1948 साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. लाल मातीत घडलेला हा मल्ल तिथे गादीवर खेळला. चार वर्षांनी, 1952 साली, हेलसिंकी येथे त्यांनी कांस्यपदक जिंकले आणि स्वतंत्र भारताला व्यक्तिगत खेळातले पहिले ऑलिंपिक पदक मिळाले. ही गोष्ट आपण मुलांना एकट्याच्या जिद्दीची म्हणून सांगतो आणि तिथे ती अर्धी राहते. लंडनला जाण्यासाठी कोल्हापूरच्या महाराजांनी मदत केली होती, आणि हेलसिंकीच्या वेळी पैशांची अडचण आली तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपले घर गहाण ठेवून पैसे उभे केले, असे सांगितले जाते. जिद्द खाशाबांचीच होती. तिच्यामागे घर गहाण टाकणारे एक माणूसही होते.

तुमच्या स्वतःच्या गोष्टीतही असे कोणीतरी असणार. रात्रपाळीनंतर डोळा लागला तर वर्गात सांभाळून घेणारे सर, चार आण्यांची वही उधार देणारा दुकानदार, पाळी बदलून देणारा जोडीदार. मुलाला हे सगळे सांगा. तुम्ही काय सोसले हे त्याने पुष्कळदा ऐकले असेल, तुम्हाला कोणी सावरले हे कदाचित ऐकले नसेल. त्यानंतर त्याला एकच प्रश्न विचारा : ‘तिसऱ्या मुलाखतीत तुला काय विचारले?’ उत्तर देताना तो स्वतःच आपल्या चुका पाहू लागेल. त्या वेळी सल्ला देण्याचा मोह आवरा. पुढची मुलाखत ठरली की आदल्या संध्याकाळी त्याला तुमच्यासमोर बसवून स्वतःविषयी पाच मिनिटे बोलायला लावा. तुम्हाला त्या विषयातले काही कळत नसले तरी चालेल. अनोळखी कानांपुढे बोलण्याची त्याची भीड तेवढी मोडेल.

प्रश्न : माझे गाव करवीर तालुक्यात पंचगंगेच्या काठावर आहे. 2019 च्या आणि 2021 च्या महापुरात आमच्या घरात पाणी आले, ऊस कुजला, वडिलांवर कर्ज झाले. मी आता पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. पावसाळा लागला की राजाराम बंधाऱ्याची पातळी मोबाइलवर सारखी बघत राहतो. अभ्यासिकेत बसलो तरी डोक्यात तेच चक्र : तेव्हा जनावरे आधी का हलवली नाहीत, वडिलांना कसे फिटणार, मी कधी कमावणार. सगळे म्हणतात, मनाला लावून घेऊ नकोस. पण ते करायचे कसे?
— एक विद्यार्थी, करवीर तालुका

उत्तर : ‘मनाला लावून घेऊ नकोस’ हा सल्ला प्रेमाने दिला जातो, पण तो पाळता येण्यासारखा नसतो, हे तुझे म्हणणे अगदी बरोबर आहे. ज्याने दोनदा घरात पाणी शिरलेले पाहिले, त्याने पातळी बघणे हे वेडेपणाचे लक्षण नाही. 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी नदीकाठच्या पोराला पाढ्यासारखी पाठ असते, आणि ती पाठ असायलाच हवी.

प्रश्न विचार करण्याचा नाही, तोच विचार पुन्हा पुन्हा चघळण्याचा आहे. सुसान नोलेन-होक्सेमा या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची मनःस्थिती आणि वाईट वाटल्यावर ते काय करतात याची माहिती प्रश्नावलीने घेतली होती. त्यानंतर सुमारे दोनच आठवड्यांनी, ऑक्टोबर 1989 मध्ये, त्या भागात मोठा भूकंप झाला. त्यांनी त्याच विद्यार्थ्यांची पुन्हा विचारपूस केली. दुःखाच्या वेळी ‘मलाच असे का होते’ हे मनात घोळवत राहण्याची ज्यांना आधीपासून सवय होती, त्यांच्यात भूकंपानंतर सात आठवड्यांनीही नैराश्याची लक्षणे अधिक दिसली. चघळत बसल्याने आपण प्रश्नाशी झगडतो आहोत असे वाटते, पण हातात काही येत नाही.

यावर रिचर्ड लॅझरस आणि सुझन फोकमन यांनी 1984 साली केलेला एक भेद मला फार व्यवहार्य वाटतो. काही ताण परिस्थिती बदलून हलका करता येतो, काही ताणात परिस्थिती बदलत नाही आणि आपल्या मनाचीच काळजी घ्यावी लागते. दोन्हींची सरमिसळ केली की दमछाक होते. तुझ्या पत्रातल्या गोष्टी अशा वेगळ्या करून बघ. पुढच्या पुराची तयारी तुझ्या हातात आहे : घरची कागदपत्रे आणि तुझी प्रमाणपत्रे जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत एका जागी ठेवणे, जनावरे कितव्या फुटाला आणि कोणाकडे हलवायची हे वडिलांशी बोलून मे महिन्यातच ठरवून ठेवणे. एकदा हे ठरले की पातळी सकाळी आणि संध्याकाळी अशी दोनदा बघ, इशारा पातळी ओलांडली तर अधिक वेळा. वडिलांचे कर्ज या घडीला तुझ्या हातात नाही. त्यासाठी तू अभ्यासिकेत बसला आहेस, हाच तुझा वाटा आहे. आणि 2019 ला जनावरे कधी हलवली, हे आता कोणाच्याच हातात नाही. त्या वेळी तू शाळकरी मुलगा होतास, हे मात्र विसरू नकोस.

जे हातात नाही त्याला वाट करून द्यावी लागते. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी 1986 साली विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आयुष्यातील सर्वांत क्लेशदायक अनुभवाविषयी लिहायला सांगितले. ज्यांनी घटना आणि त्या वेळच्या भावना दोन्ही लिहिल्या, त्यांना लिहिताना अधिक उदास वाटले, परंतु पुढच्या महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. तूही चार दिवस असे लिहून बघ. शुद्धलेखनाची चिंता नको, कोणाला दाखवायचे नाही, हवे तर फाडून टाक. लिहिताना फारच गुदमरल्यासारखे झाले, झोप उडाली, तेच दृश्य डोळ्यांसमोरून हटेना, तर मात्र लिहिणे थांबव आणि समुपदेशकांना भेट. एकदा गावातल्या बरोबरीच्या मित्रांशीही या विषयावर बोल. पुराच्या रात्री तुम्ही सगळे एकाच शाळेच्या वर्गात झोपला असाल आणि त्यानंतर त्याविषयी कोणी कोणाशी बोलले नसेल, असा मला दाट संशय आहे.

प्रश्न : रोज सकाळी ध्यान केल्याने मन कणखर होते, असे मोबाइलवरच्या व्हिडिओत सांगतात. मी रात्री दोनपर्यंत अभ्यास करतो आणि ध्यानासाठी पाचला उठतो. फायदा कधी दिसेल?
— एक विद्यार्थी, कसबा बावडा

उत्तर : ध्यानाने अनेकांना लाभ होतो, पण तीन तासांच्या झोपेवर तो मिळणार नाही. तुझ्या वयाला सात ते नऊ तास झोप लागते. झोप अपुरी असली की लहानसहान गोष्टींनीही मन बिथरते आणि वाचलेले टिकत नाही. महिनाभर अकराला झोप, सहाला ऊठ, आणि मग ध्यानाचे बघू.

प्रश्न : मी ग्रामीण भागातील एका महाविद्यालयात पहिल्या वर्षाला शिकवतो. वर्गात बहुतेक मुले घरातील पहिलीच पदवीपर्यंत येणारी आहेत. दिवाळीनंतर त्यांतली कित्येक यायची बंद होतात. कारण विचारले तर ‘जमत नाही सर’ एवढेच म्हणतात. मी समुपदेशक नाही. एक शिक्षक म्हणून मला काय करता येईल?
— एक प्राध्यापक, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : सर, ‘जमत नाही’ या शब्दांमागे पुष्कळदा ‘ही जागा माझ्यासारख्याची नाही’ असे वाक्य दडलेले असते. शहरातली मुले इंग्रजीत प्रश्न विचारतात, आपल्याला वही उघडताना घाम फुटतो, आणि इतर सगळ्यांना सगळे समजते आहे अशी मुलाची खात्री होते. पहिली चाचणी वाईट गेली की ती त्याच खात्रीचा पुरावा ठरते.

ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांनी 2011 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग नेमका याच दुखण्यावर आहे. अमेरिकेतील एका विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना सुमारे तासाभरात वरच्या वर्गातील मुलांचे अनुभव वाचायला दिले. सुरुवातीला आपण इथे उपरे आहोत असे जवळजवळ प्रत्येकालाच वाटले होते आणि काळानुसार ते ओसरले, असा त्या अनुभवांचा आशय होता. मग हे आपल्याही बाबतीत कसे खरे आहे, ते विद्यार्थ्यांनी पुढच्या तुकडीसाठी स्वतःच्या शब्दांत लिहिले आणि बोलून दाखवले. पुढच्या तीन वर्षांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण वाढले आणि गोऱ्या विद्यार्थ्यांशी असलेली त्यांची तफावत निम्म्याने घटली. तिथली परिस्थिती वेगळी आहे, आणि एका तासाने सगळीकडे असेच घडेल असे मी म्हणणार नाही. पण ही कल्पना आपल्या वर्गात आणायला एक रुपयाही लागत नाही. जून-जुलैमध्ये तिसऱ्या वर्षाची चार मुले वर्गात बोलवा. पहिल्या क्रमांकाची नकोत; ज्यांचा विषय राहिला होता, जी एसटीच्या दोन गाड्या बदलून येत, ज्यांनी मध्येच शिक्षण सोडायचे ठरवले होते, अशी बोलवा. काय अडले, कोणाला विचारले आणि किती दिवसांनी रुळले, एवढेच त्यांनी सांगावे. शेवटी पहिल्या वर्षाच्या मुलांनी अर्धे पान लिहावे.

या मातीत ही गोष्ट नवी नाही. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून सुरुवात करून पुढे वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली. 1908 साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. विद्यार्थी वसतिगृहांची जननी हे नाव कोल्हापूरला त्यातूनच मिळाले. फी माफ केली म्हणजे खेड्यातला मुलगा शिकेल, एवढ्यावर महाराज थांबले नाहीत. त्याला शहरात आपले म्हणता येईल असे छप्पर, भाकरी आणि बरोबरीची मुले हवीत, हे त्यांनी ओळखले होते. आज मानसशास्त्र ज्याला आपलेपणाची जाणीव म्हणते, ती त्यांनी विटामातीत बांधली, असे मला वाटते.

दिवाळीपर्यंत थांबू नका. सलग तीन दिवस न आलेल्या मुलाला चौथ्या दिवशी स्वतः फोन करा. हजेरीचा दम देण्यासाठी नव्हे, ‘तू दिसला नाहीस’ हे सांगण्यासाठी. आणि उत्तरपत्रिकेवर केवळ गुण लिहू नका. ‘दुसऱ्या प्रश्नाची मांडणी बरोबर, तिसऱ्या पायरीला चुकले’ असे एक वाक्य लिहा. साठ उत्तरपत्रिकांवर ते लिहायला वेळ लागतो, हे मी अनुभवाने जाणते. तरीही तो वेळ काढावा, असा माझा आग्रह आहे.

प्रश्न : वसतिगृहातील माझी मैत्रीण गेले तीन आठवडे नीट जेवत नाही, वर्गाला येत नाही. परवा रात्री म्हणाली, ‘मी नसते तर घरच्यांचा खर्च तरी वाचला असता.’ तिने मला शपथ घातली आहे, कोणाला सांगायचे नाही. मी तिला सकारात्मक विचारांचे व्हिडिओ पाठवते. आणखी काय करू?
— एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : तुला मी टपालाने आधीच उत्तर पाठवले आहे. इथे छापते आहे ते अशा शपथेत अडकलेल्या इतर मुलामुलींसाठी.

ही शपथ पाळायची नाही. वर उभारीविषयी जे लिहिले, ते सगळे अशा वेळी मागे ठेवावे. खोल नैराश्य हा आजार आहे, त्याला उपचार लागतात आणि उपचारांनी तो बरा होतो. व्हिडिओ पाठवणे थांबव. ‘सकारात्मक विचार कर’ हे तिच्या कानाला ‘तुझेच चुकते आहे’ असे ऐकू येते. तिच्याजवळ बस आणि सरळ विचार : ‘तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?’ असे विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जातो, अशी अनेकांना भीती वाटते. संशोधनात तसे आढळत नाही, उलट विचारल्यावर पुष्कळांना बोलता येते. तिचे उत्तर ऐकताना वाद घालू नकोस, आईवडिलांची आठवण करून देऊन तिला अपराधी वाटायला लावू नकोस.

उत्तर ‘हो’ असेल तर तिला एकटी सोडू नकोस आणि वसतिगृहाच्या अधीक्षकांना त्याच वेळी सांग, रात्र असली तरी उठवून सांग. तिच्या घरच्यांपैकी ज्यांच्याशी तिचे बरे जमते त्यांना कळव. टेली-मानस ही सरकारची मोफत सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येते; तिच्याविषयी तूसुद्धा तिथे फोन करून विचारू शकतेस. तातडीची वेळ असेल तर 112. दुसऱ्या दिवशी सकाळी कोल्हापूरच्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयातील मानसोपचार विभागात किंवा जवळच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे तिच्याबरोबर जा. केसपेपर काढण्यापासून आत जाईपर्यंत तिच्या शेजारी बस. ती तुझ्यावर रागावेल, काही दिवस बोलणारही नाही. त्या दिवसांत तुझेही जेवण आणि झोप सांभाळ, आणि हे ओझे एकटीने न वाहता खोलीतल्या दुसऱ्या एखाद्या समजूतदार मुलीला बरोबर घे, म्हणजे तिच्याजवळ आळीपाळीने थांबता येईल.